सहा महिन्यांचं बाळ रात्री उठतं, यात दुरुस्त काय करायचं?

केतकी

बारशाला आलेल्या बायका आधी बाळाचं नाक कुणावर गेलंय ते ठरवतात आणि मग आईला विचारतात, "रात्री झोपू देतो ना?" पुढे वर्षभर हाच प्रश्न. "नाही" म्हटलं की कारणं तयार असतात. दूध पुरत नसेल, सारखं उचलून घेतेस, सवयच लावली नाहीस. म्हणजे बाळ उठतं ते आईच्या चुकीमुळे. मला हे अजिबात मान्य नाही.

लंडनमध्ये मूर आणि उको या संशोधकांनी दीडशेहून जास्त बाळांच्या रात्रींची पाहणी केली, ती १९५७ साली प्रसिद्ध झाली. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत बाळ उठलं नाही, तर ते रात्रभर झोपलं असं त्यांनी धरलं. पाचच तास! तिसऱ्या महिन्यापर्यंत साधारण ७० टक्के बाळं तेवढं झोपायला लागली. हा आकडा सगळे सांगतात. पण त्यातली जवळपास निम्मी पुढे पुन्हा उठायला लागली, ते कुणी सांगत नाही. कॅनडात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांची ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांमध्येही हे प्रमाण २८ टक्के होतं. उठणाऱ्या आणि न उठणाऱ्या बाळांच्या विकासात फरक आढळला नाही.

तान्ह्या बाळाला दिवस-रात्रीचा फरक कळायला दोन-तीन महिने जातात. त्याच्या झोपेचा एक फेरा जेमतेम पन्नास मिनिटांचा असतो आणि फेरा संपला की ते चाळवतं. काही बाळं आपली आपण पुन्हा झोपतात, काही हाक मारतात. यात बिघडलेलं काही नाही, मग दुरुस्ती कसली करायची? दुरुस्त करायचं ते घर. एकाच माणसाने रात्रभर उठायचं ही पद्धत मोडली पाहिजे. बाळाला रडत ठेवून झोपायला शिकवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

मुग्धा (न्यू जर्सी)

असहमत, आणि जरा रागानेच लिहिते आहे. "रात्र वाटून घ्या" हे घरात माणसं असतील त्यांना ठीक. इथे आम्ही दोघंच. नवऱ्याची फिरतीची नोकरी. अमेरिकेचा केंद्रीय कायदा बारा आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी. रजा संपल्यावर मी रात्री चार-चार वेळा उठून सकाळी हायवेवर गाडी चालवत होते. सिग्नलला डोळा लागायचा. मागच्या सीटवर बाळ.

सहावा महिना संपल्यावर डॉक्टरांना विचारून आम्ही थांबण्याची पद्धत वापरली. बॉस्टनचे डॉक्टर रिचर्ड फर्बर यांनी १९८५ मध्ये ती लोकांपुढे आणली. बाळाला जागं असतानाच पाळण्यात ठेवायचं. रडलं तर आधी थोडा वेळ थांबून जायचं, थोपटायचं, बाहेर यायचं. पुढच्या वेळी जरा जास्त थांबायचं. पहिल्या रात्री मी दाराबाहेर बसून रडले, हे खरं. आठवड्याभरात तो झोपायला लागला आणि मीही माणसात आले.

तुम्ही आकडे दिलेत, तर हेही घ्या. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सात-आठ महिन्यांच्या बाळांवर अशा पद्धती वापरून ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. वागणूक, झोप, आईवडिलांशी नातं, कशातही तोटा दिसला नाही. आणि सुरुवातीच्या वर्षांत त्या आयांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी होती. आई कोलमडते आहे आणि तिला कुणी "हे नैसर्गिक आहे" असं सांगतंय, ही मदत नाही.

केतकी

मुग्धा, तो अभ्यास मीही पाहिला आहे. त्यात सहा वर्षांनी जसा तोटा दिसला नाही, तसा फायदाही उरला नव्हता. शिवाय त्या पालकांना दुसरा पर्यायही होता: बाळाजवळ खुर्ची टाकून बसायचं आणि रोज खुर्ची थोडी मागे न्यायची. दार लावून सोडून देणं त्यात नव्हतं. आपल्याकडे व्हिडिओ बघून लोक तीन महिन्यांच्या बाळावर हे प्रयोग करतात. माझा विरोध त्याला आहे. तुझी गोष्ट वेगळी, तिथे दुसरं माणूसच नव्हतं. पण पुण्या-ठाण्यातल्या घरात चार मोठी माणसं असताना सून एकटी उठते, तिथे बाळाला शिस्त लावायची?

सुमनकाकू

तुम्ही दोघी फार वाचता गं. आमच्या वेळी हे प्रश्नच नव्हते. बाळ आईच्या कुशीत, उठलं की आडव्या आडव्या पाजायचं, दोघंही पुन्हा झोपली. संध्याकाळी गरम पाण्याने शेकून अंघोळ, ओव्याची धुरी, गुटीत जायफळाचे दोन वळसे, झोळीत घालून अंगाई. चार तास हूं की चूं नाही. वेगळी खोली आणि वेगळा पाळणा हे साहेबाचं खूळ. त्यातून रडणं आलं आणि मग रडू द्यायचं शिक्षणही आलं.

वॉर्डातली_ताई

काकू, तुमचा मान राखून लिहिते. लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी करते, म्हणून गप्प बसवत नाही.

मालिश, अंघोळ, अंगाई जरूर करा. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने केलं तर बाळाला रात्र झाल्याचं कळायला मदत होते. पण पहिले सहा महिने अंगावरचं दूध सोडून काहीही नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात गुटीही आली, मधही आला. जायफळाने गुंगी येते. ती झोप नव्हे. किती वळसे झाले, जायफळ किती जुनं, बाळाचं वजन किती, याचा हिशोब कुणाकडेच नसतो. बंद खोलीतल्या धुरीने छाती भरलेली बाळं आमच्याकडे येतात.

आणि पूर्वीची बाळं शांत झोपायची म्हणता, त्याची दुसरी बाजूही मुंबईत नोंदलेली आहे. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्याला बाळागोळी देऊन जात. तीत अफू असे. १९२० च्या दशकातल्या सरकारी कामगार अहवालांत हे आलेलं आहे. त्या बायांना दोष देण्याचं माझ्या मनातही नाही. दिवसभराची पाळी आणि खोलीत बाळाला बघायला कुणी नाही, मग त्यांनी करायचं काय? तेव्हाही बाळ झोपवण्याची घाई कामाच्या वेळेने लावलेली होती. या बाबतीत मला केतकीचं पटतं.

कुशीत झोपवण्याबद्दल: अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची २०२२ ची शिफारस अशी की बाळ आईच्या खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर, उताणं, कडक गादीवर, उशी-पांघरुणाचा ढीग न ठेवता झोपवावं. निदान पहिले सहा महिने.

सुमनकाकू

दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात तिथे वेगळं अंथरूण कुठे घालायचं ते सांग. आणि थंडीत पांघरूण नको म्हणतेस?

वॉर्डातली_ताई

रास्त प्रश्न. जमिनीवर झोपत असाल तर तेच बरं, पडायची भीती नाही. सतरंजीवर घट्ट घडीची गोधडी, बाळ आईच्या एका बाजूला, आणि आई व भिंत यांच्या मधल्या सापटीत नाही. मोठ्या भावंडाला बाळाशेजारी झोपवायचं नाही. थंडीत झबल्यावर झबलं घाला, पण सैल दुलई तोंडापर्यंत यायला नको. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, दारू प्यालेलं असेल, किंवा बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं असेल, तर कुशीत अजिबात नको. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं सगळ्यात वाईट. झोळीत मान पुढे झुकते, म्हणून लहान बाळाला रात्रभर तिच्यात ठेवू नये.

मुक्कामी_गाडी

मी एसटीत चालक आहे. आमचं बाळ पाच महिन्यांचं आहे. बाप लोकांनी उठावं असं सगळे म्हणतात, पण माझी झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी चाळीस-पन्नास माणसांचा जीव माझ्या हातात असतो. आठवड्यातल्या काही रात्री मुक्कामी गाडीवर बाहेरच असतो. आणि दूध तर आईलाच पाजायचं आहे. मग मी उठून नुसतं बघत बसू का? ताई, याचं उत्तर द्या.

दोन_लेकींचा_बाप

दादा, मी देतो. ड्युटी पहाटेची असेल त्या रात्री उठू नका, बरोबर आहे तुमचं. पण संध्याकाळी घरी आलात की आठ ते अकरा बाळ तुमचं. आईने जेवून सरळ आडवं व्हायचं, बाळ फक्त पाजायला तिच्याकडे. त्या तीन तासांतली झोप तिला मोठा आधार असते. सुट्टीच्या पहाटे पाचनंतर बाळाला घेऊन बाहेर या.

पाजण्याव्यतिरिक्त रात्री बरंच काम असतं. धाकटीच्या वेळी बाळ कुरकुरलं की मी उठायचो. आधी जरा थांबून बघायचो, कारण पुष्कळदा ती झोपेतच हातपाय झाडून परत शांत व्हायची. खरंच उठली तर अंधारातच लंगोट बदलायचा, आईजवळ द्यायची, पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, दुपटं नीट करून उताणी ठेवायची. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. पाजून होताच बायको झोपून जायची.

नाचणी

आमच्याकडे सगळे म्हणतात पाचव्या महिन्यात नाचणीसत्त्व सुरू करा, पोट भरलं की रात्रभर झोपेल. खरं का?

वॉर्डातली_ताई

ब्रिटनमध्ये यावर मोठा अभ्यास झाला. तीन महिन्यांपासून वरचं अन्न दिलेली बाळं रात्री जास्त झोपली, पण फरक जेमतेम पंधरा-सतरा मिनिटांचा. तेवढ्यासाठी घाई नको. सहा महिने पूर्ण झाले की जरूर द्या. मात्र बाळाचं वजन वाढत नसेल, झोपेत घोरत असेल, श्वास अडकत असेल किंवा दिवसभरात पाच-सहा वेळाही शू होत नसेल, तर झोपेची चर्चा सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. आईला सतत रडू येत असेल, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नसेल, तर तिलाही दाखवा.

केतकी

हे शेवटचं वाक्य प्रत्येक घरात वाचून दाखवायला हवं.

मातृत्व रजेच्या कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, तीही नियमात बसणाऱ्या नोकऱ्यांनाच. म्हणजे रजा संपते ती फार तर सहाव्या महिन्यात, बाळ अजून उठत असतानाच. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असंही कायदा सांगतो. आपल्या ऑफिसात ती आहे का, हे कितीजणींनी विचारलंय?

मुग्धा (न्यू जर्सी)

विचारा, जरूर विचारा. पाळणाघर मिळालं तर दिवस सुटेल, रात्र नाही. मी अजूनही म्हणते की सहा महिन्यांनंतर, बाळ धडधाकट असेल आणि आई थकून गेली असेल, तर थांबून जाण्याची पद्धत वापरणाऱ्या बाईला क्रूर ठरवू नका. केतकी, तुझ्या पहिल्या लिखाणात तो सूर होता. माझं दुसरं बाळ मार्चमध्ये येतंय. सासूबाई तीन महिने येणार आहेत, तेव्हा रात्र वाटून घेऊ. त्या परत गेल्या की सातव्या महिन्यात मी तीच पद्धत वापरणार आहे.