विझर्ड की सॉर्सरर?

वीसपैलू
‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या मेजाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळात कोणी नवखा खेळाडू जादूगार घेतो म्हणाला, की त्याच्या हाती हमखास विझर्ड, म्हणजे पोथीतून मंत्र शिकणारा जादूगार, दिला जातो आणि जन्मजात जादू असलेला सॉर्सरर म्हणजे कमी मंत्रांचा विझर्ड, असे सांगून विषय संपवला जातो. मला हे मनापासून अमान्य आहे. २०१४च्या नियमांनुसार पाचव्या पातळीवरच्या विझर्डच्या पोथीत किमान १४ मंत्र असतात आणि सॉर्सररला अवघे ६ येतात, हे खरे. पण ते त्याच्या अंगातच असतात आणि मेटामॅजिकच्या, म्हणजे मंत्राचे रूप बदलण्याच्या कौशल्याच्या, जोरावर तो ते हवे तसे वळवू शकतो. आमच्या एका खेळात किल्ल्याच्या दारावर दोन पहारेकरी होते. ‘चार्म पर्सन’ हा भुरळ घालणारा मंत्र ऐकू येईल असा म्हणावा लागतो, हातवारे करावे लागतात, विझर्डने तो टाकला असता, तर दुसऱ्या पहारेकऱ्याने तिथेच भाला रोखला असता. माझ्या सॉर्सररने मेटामॅजिकसाठी लागणारा एक सॉर्सरी पॉइंट खर्चून ‘सटल स्पेल’, म्हणजे शब्द आणि हातवारे न करता मंत्र टाकणे, वापरले, ओठसुद्धा हलवले नाहीत, आणि पहिला पहारेकरी जुनी ओळख असल्यासारखा आम्हाला आत घेऊन गेला.

शाईदौत
प्रसंग उत्तम आहे, परंतु तासाभराने मंत्र उतरल्यावर आपल्यावर जादू झाली होती हे त्या पहारेकऱ्याला कळतेच, आणि ते वीसपैलू यांनी सांगितलेले नाही. माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. पोथीचे मोल मंत्रांच्या संख्येत नाही, तर एरवी कोणी जवळ बाळगणार नाही असा मंत्र ऐन वेळी हाताशी असण्यात आहे. आमच्या मोहिमेत तळ्याखाली बुडालेले एक देऊळ होते. ‘वॉटर ब्रीदिंग’ हा पाण्याखाली श्वास घेऊ देणारा मंत्र आमच्या विझर्डने त्या दिवसासाठी पोथीतून निवडून तयार केलेला नव्हता. तरीही तो पोथीत असल्यामुळे तिने काठावर बसून, नेहमीपेक्षा दहा मिनिटे जास्त घेऊन, विधी म्हणून तो टाकला, एकही स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी संधी) खर्ची पडला नाही आणि आम्ही पाचही जण पाण्यात उतरलो. सॉर्सररला हा मंत्र शिकता येतो, पण सहांतली एक जागा त्यासाठी कोण अडवून ठेवील? शिवाय विझर्डचे शिकणे खेळातल्या जगाशी बांधलेले असते. हरलेल्या शत्रूच्या पोथीतून ‘फायरबॉल’ उतरवून घ्यायला सहा तास आणि १५० सुवर्णनाणी लागतात. तेवढे खर्चून मिळवलेला मंत्र कुठून आला, हे खेळाडू विसरत नाही.

रानवाट
या वादाचे मूळ २०१४च्या आधीचे आहे. १९७४च्या पहिल्या आवृत्तीपासून जादूगाराला मंत्र आधी ठरवून तयार करावे लागत आणि एकदा टाकला की तो मनातून पुसला जाई. ही कल्पना लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांमधून आली. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत सॉर्सरर आला तो यालाच उत्तर म्हणून: येणाऱ्या मंत्रांपैकी हवा तो, हव्या त्या वेळी, स्लॉट असेपर्यंत. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने हीच मोकळीक विझर्डलाही दिली, आणि माझ्या मते सॉर्सररवर खरा अन्याय तिथे झाला. त्याचे वैशिष्ट्य सर्वांना वाटून टाकले, पण विसाव्या पातळीवरही त्याचे मंत्र १५च राहिले. २०२४च्या नियमांत ते २२ झाले आहेत.

वीसपैलू
तळ्याचे उदाहरण मी मान्य करतो. तिथे माझी सॉर्सरर काठावरच उभी राहिली असती. पण मंत्रांची संख्या वाढवणे हा उपाय आहे, असे मला वाटत नाही. विझर्डची चुकलेली निवड रात्रीच्या विश्रांतीनंतर दुरुस्त होते, तर २०१४च्या सॉर्सररला एक मंत्र बदलण्यासाठी पुढच्या पातळीची वाट पाहावी लागते. म्हणूनच त्याने घेतलेला प्रत्येक मंत्र त्या पात्राच्या स्वभावाबद्दल काही सांगतो. माझ्या सॉर्सररकडे आग लावणारा एकही मंत्र नाही, कारण तिचे गाव जळाले होते, आणि हे मेजावरच्या प्रत्येकाला न सांगता समजले.

शाईदौत
हे अनुभवी खेळाडूला शोभते. परंतु धागा नवख्याच्या सल्ल्यापासून सुरू झाला होता. पहिल्या पातळीवर सॉर्सररला दोनच मंत्र निवडायचे असतात, आणि ते दोन्ही चुकले, तर तो खेळाडू पुढची दोन-तीन सत्रे तेच वापरत बसतो. माझ्या मेजावर नवा माणूस आला, तर मी त्याच्यापुढे पोथीच ठेवीन.