मदत हवी आहे: भिंत रॅट ट्रॅपची की एएसीची?

गारवा_हवा: तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर. खर्च कमी, उन्हाळ्यात आत गार, एवढंच पाहिजे. गवंडी रॅट ट्रॅप (मध्ये पोकळी ठेवून रचलेली विटांची भिंत) म्हणतो, ठेकेदार एएसीवर (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक) अडून बसलाय. सोमवारी सांगायचंय. एका वाक्यात उत्तर द्या.

ओळंबा: भारवाही भिंती (छताचं वजन भिंतींवर) की आरसीसी फ्रेम (वजन कॉलम-बीमवर)? पश्चिमेला काय आहे?

गारवा_हवा: फ्रेम. कॉलम उभे आहेत. त्यानं काय फरक पडतो?

ओळंबा: सगळाच पडतो. रॅट ट्रॅपमध्ये विटा कडेवर उभ्या, ७५ + ७५ आणि मध्ये ८० मिमी पोकळी. विटा साधारण २५ टक्के वाचतात, पण खरी बचत भारवाही बांधकामात, कारण कॉलमच लागत नाहीत. फ्रेम आहेच तर २०० मिमी एएसी. वजन विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, उष्णताही जास्त अडते.

पक्की_वीट: आणि भेगा? एएसीचा गिलावा तडकतोच.

ओळंबा: ब्लॉक विटेसारखा भिजवला की तडकतो. पृष्ठभाग नुसता ओलसर करायचा, सांधा ३ मिमी अॅधेसिव्हचा, कॉलमला भिडतो तिथे जाळी, गिलावा १:६ (सिमेंट:वाळू). तुमच्या रॅट ट्रॅपच्या पोकळीत माल पडतो त्याचं काय? त्यातूनच उष्णता आत येते.

पक्की_वीट: पोकळीवर फळी धरून माल लावायचा, पडत नाही. गवंडी आळशी असेल तर दोष विटेचा नाही.

दुहेरी_काच: खिडक्यांना डबल ग्लेझिंग घ्या.

कोबा: भिंतीवरून भांडताय, ऊन तर दिवसभर स्लॅबवर. उघड्या १५० मिमी स्लॅबचा यू (उष्णता किती आरपार जाते त्याचं माप, कमी तितकं बरं) ३.५ च्या वर असतो, ५० मिमी एक्सपीएसनं (ताठ फोमचे बोर्ड) ०.६ च्या आसपास येतो. आधी १:१०० ढाळ, वॉटरप्रूफिंग, ४८ तास पाणी साठवून चाचणी. मग बोर्ड, जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), ४० मिमी काँक्रीटचे सुटे चौकोन, वर पांढरी चायना मोझॅक. बोर्ड आतून छताला चिकटवू नका. स्लॅब तापतच राहतो आणि प्रसरणानं पॅरापेटखाली भेग जाते.

गारवा_हवा: पुढे वर मजला घ्यायचाय, चालेल ना? पश्चिमेला स्वयंपाकघराची खिडकी आहे.

कोबा: हे आधी सांगायचं! मग काँक्रीट नको, बोर्डांवर ५० मिमी जाड सुट्या फरशा मांडा. हलक्या नकोत, तुंबलेल्या पाण्यात बोर्ड तरंगतात. नंतर उचलून नव्या गच्चीवर वापरा. कॉलमच्या सळया उघड्या सोडल्या तर गंजतील आणि बुडाशी पाणी मुरेल. सिमेंट स्लरी लावून कच्च्या काँक्रीटमध्ये झाका.

ओळंबा: पश्चिमेचं ऊन छज्ज्याखालून शिरतं. खिडकी लहान करा, बाहेरून उघडझाप होणारी झडप लावा. काच दुहेरी केली तरी ऊन आत येणारच.

दुहेरी_काच: लो-ई काच (उष्णता परतवणारा पातळ थर असलेली) घेतली तर उष्णता कमी येते.