डेटा खुला हवाच, पण कासच्या दुर्मिळ रोपांचं लोकेशन नको

सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचा सगळा डेटा जसाच्या तसा नेटवर टाकायलाच हवा असं काही जण म्हणतात, ते मला बरंचसं पटतं, पण साताऱ्यात राहतो आणि कासचं पठार डोळ्यासमोर आहे म्हणून एक मुद्दा. कंदीलपुष्प या कंदिलासारखी फुलं येणाऱ्या रोपाच्या काही जाती सह्याद्री सोडून कुठंच नाहीत आणि त्यांचा जीव कंदात, कुणी तो खणून नेला की संपलंच. अशा रोपाचं जीपीएस दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत दिलं तर माणूस मीटरभरात पोचतो, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्याच ना.

आयनॅचरलिस्ट या लोकांनी निसर्गातल्या नोंदी टाकायच्या साइटवर धोक्यातल्या जातींचं ठिकाण अंधुक करतात, खऱ्या जागेऐवजी ०.२ बाय ०.२ अंशांच्या चौकोनातला, आपल्याकडं साधारण २०-२२ किमीच्या, कुठलातरी पॉइंट दिसतो. हे बरोबर आहे.

पण म्हणून डेटा दाबून ठेवायचा असं अजिबात नाही हां. फुलोऱ्याचा महिना, मातीची खोली, सोबतची झाडं, मोजणी कशी केली, सगळं सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये थेट उघडणाऱ्या साध्या फाइलीत द्या, पीडीएफमधलं स्कॅन केलेलं टेबल कुणाच्या कामाचं? आणि लोकेशन किती अंधुक केलंय ते तिथंच लिहा, नाहीतर पुढचा माणूस तोच पॉइंट खरा धरून नकाशा काढेल. अचूक आकडे ज्याला खरंच लागतात त्याला कारण विचारून देता येतात, डेटा सापडावा, मिळावा आणि पुन्हा वापरता यावा यासाठीची २०१६ ची फेअर (FAIR) तत्त्वं सुद्धा अशी परवानगीची अट चालवून घेतात.

आणि पठारालगतच्या गावातली जी माणसं जागा दाखवायला सोबत येतात, त्यांना निष्कर्ष मराठीतून मिळायलाच हवेत.