रेझ्युमेतून पत्ता, जन्मतारीख, वडिलांचं नाव उडवावं का?

भोसरीकर: भाचा डिप्लोमा मेकॅनिकल, चार वर्षं एका व्हेंडरकडे व्हीएमसीवर (धातू कापणारं, प्रोग्रॅमवर चालणारं मशीन). आता चाकणला मोठ्या कंपनीत बघतोय. रेझ्युमे दोन पानी. वर करिअर ऑब्जेक्टिव्ह (अख्ख्या बॅचचं एकच असणार), मग दहावीपासूनचे टक्के, खाली जन्मतारीख, वडिलांचं नाव, धर्म, छंद क्रिकेट आणि 'वरील माहिती खरी आहे' म्हणून सही. पत्रिका जोडायची तेवढी राहिलीय! माझ्या मते वैयक्तिक सगळं काढून एक पान करावं.

प्लांट_एचआर: एक पान मान्य. ऑब्जेक्टिव्ह आम्ही वाचतही नाही. धर्म, छंद, सही खुशाल काढा. पण पत्ता राहू द्या. घर नंबर नको, 'इंद्रायणीनगर, भोसरी' एवढं पुरे. कंपनीची बस तिथून जाते का, तिसऱ्या शिफ्टला माणूस येईल का, हे आम्ही आधी बघतो. मुलगा हडपसरला राहतो हे मुलाखतीत कळलं की दोघांचा दिवस वाया. जन्मतारीखही असावी, ट्रेनी भरतीत वयाची अट असते.

सडेतोड: आणि अट नसेल तिथे त्याच तारखेवरून पस्तिशीपुढचे बाजूला पडतात, तेही सांगा की. बायकांच्या रेझ्युमेत 'विवाहित' दिसलं की पुढचा प्रश्न काय येतो, सगळ्यांना ठाऊक आहे. लागेल ते निवड झाल्यावर मागा.

स्टुटगार्टहून: इकडे जर्मनीत रेझ्युमेवर फोटो लावायची जुनी पद्धत. 2006 मध्ये समान वागणुकीचा कायदा आला, तेव्हापासून कंपन्या फोटो मागायचं टाळतात. तरी लोक हौसेने लावतातच.

टूलरूम: तुम्ही सगळे शेवटच्या चार ओळींवर भांडताय. 'व्हीएमसी ऑपरेटर, 4 वर्षं' यावरून मला काय कळणार? मशीनचा कंट्रोल कुठल्या कंपनीचा, फानुक की सीमेन्स? ऑफसेट (पार्ट आणि टूल नेमके कुठे आहेत ती मापं) स्वतः घेतो की सेटरची, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याची, वाट बघतो? प्रोग्रॅममध्ये एडिट करतो का? जॉब, म्हणजे मशीनवरचा पार्ट, ॲल्युमिनियमचा की एसएसचा (स्टेनलेस स्टील)? टॉलरन्स (मापात चालणारा फरक) 20 मायक्रॉन की 200? बोअर गेज (भोकाचं माप घ्यायचं साधन) हातात घेतलाय का? असं लिहा: 'फानुक कंट्रोल, ॲल्युमिनियम हाउसिंग. वर्क आणि टूल ऑफसेट स्वतः. बोअर 20 मायक्रॉनमध्ये. फर्स्ट पीस क्वालिटीकडून पास करून घेतो.' एवढं वाचलं तर मी त्याच दिवशी फोन करीन, मग खाली धर्म असो नाहीतर क्रिकेट. अर्थात जे येतं तेच लिहा, मशीनवर उभं केलं की दोन मिनिटांत कळतं.

भोसरीकर: हे पटलं. तो सेटिंगही करतो, पण अपॉइंटमेंट लेटरवर 'ऑपरेटर' आहे. 'सेटर' लिहू का? आणि पहिली दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर (पगारपत्रकावर) होता.

प्लांट_एचआर: पद लेटरवर आहे तेच. सेटिंगचं काम खाली लिहा. कॉन्ट्रॅक्टरचं नावही लिहाच. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत कॉन्ट्रॅक्टरचंच नाव आणि तारखा दिसतात. रेझ्युमेत चार वर्षं एकच कंपनी आणि पीएफमध्ये दोन नावं, मग व्हेरिफिकेशनला अडकतो. मशीनवर चांगली असलेली मुलं अशी गेलेली पाहिलीत.

सडेतोड: आणि कॉन्ट्रॅक्टर दिसला की पगार तिथूनच मोजायला घेता. दोन वर्षं तेच मशीन, तोच जॉब, फक्त रोल वेगळा. रेझ्युमेत कंपनीचं नाव लिहावं, कॉन्ट्रॅक्टरचं विचारल्यावर सांगावं. ते खोटं ठरत नाही.

प्लांट_एचआर: खोटं नाही, पण लपवलेलं दिसतं. 'अमुक कंपनी, तमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत' एका ओळीत बसतं. पगाराचं म्हणणं मात्र खरं आहे, नाकारत नाही.

टूलरूम: मी रोल बघत नाही. तासभर मशीनवर ट्रायल घेतो, विषय संपला.

प्लांट_एचआर: साहेब, ट्रायलला कुणाला पाठवायचं ते आधी माझ्या टेबलावर ठरतं.