अनुभव धागा: बाळंतपणात आणि नंतर तुमच्याजवळ कोण होते?

जावेचे दिवस भरत आले आहेत, म्हणून काल तिला घेऊन बेळगावला तपासणीस गेले होते. प्रसूतिकक्षाच्या दारावर नातेवाइकांना मनाई असल्याची पाटी वाचली आणि माझे पहिले बाळंतपण आठवले. आई दाराबाहेर बसून होती, मी आत एकटी कळा सोसत होते, आणि परिचारिका कन्नडमधून जे सांगत होत्या त्यातले निम्मे मला समजत नसल्यामुळे त्या रागावत आहेत की धीर देत आहेत, हेही उमगत नव्हते. त्या एकटेपणाची भीती कळांपेक्षा जास्त काळ मनात राहिली. तुमचे अनुभव कृपया लिहावेत.

निपाणीहून: माझ्याजवळ थोरली वहिनी होती. तिचे माहेर गोकाककडचे असल्याने तिला कन्नड उत्तम येते, त्यामुळे डॉक्टर काय म्हणतात ते ती लगेच मराठीत सांगत असे. ती कंबर चोळत होती, घोटघोट पाणी पाजत होती आणि मला धरून चालवत होती. ताई, तुमचे वाचून फार वाईट वाटले.

चिकोडीहून, निवृत्त परिचारिका: सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितले आहे. ती स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातेवाईक असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिचे कपडे स्वच्छ असावेत आणि तिने कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणू नये, अशा अपेक्षा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या शिफारशींत बाईच्या पसंतीची सोबत असावी असे म्हटले आहे. पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यास एकत्र तपासले असता, सतत सोबत लाभलेल्यांच्या कळांचा काळ थोडा कमी झाला आणि नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढले, असे दिसले. तरीही दारे बंद राहतात, कारण एकाच खोलीत अनेक खाटा असतात आणि मध्ये पडदा नसतो. तो पडदा लावणे अवघड नाही, हे मी नोकरीत असतानाही आग्रहाने सांगत असे. जावेसाठी तपासणीच्या वेळीच विचारून ठेवा, कळा सुरू झाल्यावर कोणी ऐकून घेत नाही.

कारवारहून: नवऱ्याला आत घेतात का?

चिकोडीहून, निवृत्त परिचारिका: प्रत्येक खाटेला पुरेसा आडोसा असेल तर घेता येते. निर्णय रुग्णालयाचा असतो.

संकेश्वरहून: माझा त्रास नंतरचा आहे. माहेरी शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, सारे यथासांग झाले. सव्वा महिन्याने सासरी आल्यावर मात्र रात्री बाळ झोपले तरी मला झोप लागेना, दिवसा विनाकारण रडू येई आणि बाळाला उचलून घ्यावेसेही वाटत नसे. "दुसरीही मुलगीच, म्हणून हिने मनाला लावून घेतले आहे," असे घरातले म्हणत. खरे तर मला मुलीचे दुःख मुळीच नव्हते. आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत ठरल्याप्रमाणे येऊन गेल्या होत्या आणि माझे बिघडले ते त्यानंतर. शेवटी मामेबहीण मला मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी अंगावर पाजत आहे हे लक्षात घेऊनच त्यांनी औषध दिले, त्यामुळे पाजणे थांबवावे लागले नाही. हे मी आवर्जून लिहिते आहे, कारण दूध तोडावे लागेल या भीतीने आमच्याकडे अनेक जणी डॉक्टरांकडे जातच नाहीत.

निपाणीहून: सुरुवातीला प्रत्येकीलाच रडू येते ना? मग ओळखायचे कसे?

चिकोडीहून, निवृत्त परिचारिका: पहिल्या काही दिवसांतले रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे टिकले, झोप आणि भूक गेली, किंवा बाळाला अथवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर थांबू नये. १९८७ मध्ये एडिनबर्ग येथे तयार झालेली दहा प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. तिच्यात गेल्या सात दिवसांत मन कसे होते, हे विचारलेले असते. भारतातल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात सुमारे २२ टक्के मातांमध्ये प्रसूतीनंतरचे नैराश्य आढळले आहे, म्हणजे पाचांतील एकीला तरी. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

खानापूरहून, एक सासूबाई: सुनेच्या वेळी मी आत होते. घरी आल्यावर रात्रीचे बाळ मी सांभाळत असे आणि पाजण्यापुरते तिला उठवत असे. बारशाला आलेल्या बायकांनाही मी सांगितले होते की बाळाआधी बाळंतिणीची विचारपूस करा. जोयडा-हल्याळकडे सोबतीणीला आत घेणारे रुग्णालय कोणाला माहीत असल्यास कळवावे, धाकट्या मुलीला सातवा लागला आहे.