कौन्सिलचं घर विकत घेताय? दुरुस्तीचे पैसे मॉर्गेजमध्येच (घराच्या कर्जातच) काढावेत का?

कौलारू
इंग्लंडात लेस्टरला बारा वर्षं कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, घरात भाड्याने राहतोय. तीन बेडरूम, मागे थोडं परसू. कौन्सिलच्या भाडेकरूला राहतं घर सुटीच्या नव्हे, सवलतीच्या किमतीत घेता येतं त्या 'राइट टू बाय' योजनेखाली आता तेच घेतोय. किंमत लागली २ लाख पौंड, सूट २४ हजार, म्हणजे भरायचे १ लाख ७६ हजार. पण स्वयंपाकघर पार गेलंय, खिडक्यांतून वारा येतो, बॉयलर आचके देतोय. २० हजार तरी लागतील. माझं मत, हे मॉर्गेजमध्येच घालून घ्यावेत. व्याजदर सगळ्यात कमी तिथेच. मेहुण्याने २०१९ साली बर्मिंगहॅमला हेच केलं, मजेत आहे. बायको म्हणते थांबा.

पै_पै
वहिनींचं ऐका. दर कमी दिसतो, पण मुदत बघा. ५ टक्क्यांनी २० हजार २५ वर्षांवर पसरले तर हप्ता ११७ पौंड, आणि एकूण फेड ३५ हजारांच्या वर. तेच पर्सनल लोन ७ टक्क्यांनी ५ वर्षांचं काढलं तर हप्ता ३९६, पण एकूण फेड २३,८०० च्या आत. बॉयलर पंधरा वर्षं चालला तर नशीब. तो भंगारात गेल्यावरही दहा वर्षं त्याचे हप्ते भरणार का?

सुगरण
गणित बरोबर, पण घराच्या हप्त्यावर आणखी ३९६ आणायचे कुठून? आमच्याकडे तेवढ्यात महिन्याचं वाणसामान येतं. आणि मॉर्गेज लवकर फेडायला कोणी अडवलंय? बऱ्याच फिक्स्ड दराच्या मॉर्गेजमध्ये वर्षाला उरलेल्या कर्जाच्या १० टक्क्यांपर्यंत दंडाशिवाय जादा भरता येतात. व्याज वाचवायला पोरांनी ओल धरलेल्या खोलीत खोकत हिवाळे काढायचे?

पै_पै
भरता येतात हो. भरतं कोण?

जुना_भाडेकरू
भांडण रंगलंय, पण मुळात ही निवड कौलारूंच्या हातात आहे का? मेहुण्याच्या वेळी बारा वर्षांच्या भाडेकरूला अशा घरावर ८० हजारांच्या आसपास सूट मिळायची. १ लाख २० हजारांचं मॉर्गेज, वर दुरुस्तीचे २० हजार, तरी कर्ज किमतीच्या ७० टक्केच. बँक हसत द्यायची. २१ नोव्हेंबर २०२४ पासून सवलतीची कमाल मर्यादा कापली. तुमच्याकडे २४ हजार, लंडनच्या बहुतेक भागात तर १६ हजारच. तुमचे १ लाख ७६ हजार आणि वर २० म्हणजे १ लाख ९६ हजार, किमतीच्या ९८ टक्के! जुना सल्ला जुन्या सवलतीवर उभा होता.

कौलारू
हे डोक्यातच आलं नव्हतं. पण दुरुस्तीनंतर घराची किंमत वाढेल, ती धरतील ना?

जुना_भाडेकरू
सहसा आजचीच धरतात.

हॅरोकर
सगळे घेतल्यानंतरचंच बोलताय. घेण्याआधी करा की! भाडेकरूने स्वखर्चाने केलेली सुधारणा किंमत ठरवताना धरत नाहीत, १९८५ च्या हौसिंग अ‍ॅक्टमध्येच आहे. कौन्सिलची लेखी परवानगी आणि पावत्या मात्र जपून ठेवा. त्याहून बरं म्हणजे कौन्सिलकडूनच नवं स्वयंपाकघर करून घ्यायचं. पण अर्ज टाकण्याआधी. नंतर बरीच कौन्सिलं तातडीच्या दुरुस्तीपलीकडे हात लावत नाहीत.

पै_पै
त्यांच्या हातात ऑफर आलीय, आता मागे फिरून कौन्सिलच्या दुरुस्तीच्या यादीत नंबर लावायचा? तेवढ्यात किंमत चढली तर ते स्वयंपाकघर फुकटात पडणार नाही. आणि स्वखर्चाने केलं अन् खरेदी फिसकटली, तर टाइल्स लागल्या कौन्सिलच्या घराला.

ताफकाठी
मुळात ही घरं विकायचीच कशाला? स्कॉटलंडने २०१६ ला हे बंद केलं, आमच्या वेल्सने २०१९ ला. विकली तितकी नवी बांधली जात नाहीत आणि रांगेतले रांगेतच.

सुगरण
मुद्दा खरा आहे, वेगळा धागा काढा. इथे बॉयलर गचके खातोय.

जुना_भाडेकरू
बॉयलरवरून आठवलं. मालक झालात की बॉयलरऐवजी बसवायच्या हीट पंपासाठी ७,५०० पौंडांच्या सरकारी अनुदानाला अर्ज करता येतो; कौन्सिलच्या घराला ते मिळत नाही. तेवढ्यासाठी बॉयलर थोडा ओढता आला तर ओढा.
दुसरं, पाच वर्षांच्या आत घर विकलंत तर सूट परत द्यावी लागते, पहिल्या वर्षी सगळी, मग दरवर्षी पाचवा हिस्सा कमी. त्यासाठी घरावर कौन्सिलचा बोजा असतो. त्या काळात घर तारण ठेवून दुरुस्तीचं कर्ज काढायचं तर नवी बँक म्हणते आमचा बोजा आधी, आणि त्याला कौन्सिलची संमती लागते. दुरुस्तीसाठी ती मिळू शकते, पण कागद फिरत राहतात.
आणि सगळ्यात आधी भिंत बघा. विटांची आहे की काँक्रीटच्या पट्ट्यांची? युद्धानंतर घाईत बांधलेल्या काही काँक्रीट नमुन्यांना १९८४ च्या कायद्याने सदोष ठरवलंय. त्यांना बऱ्याच बँका मॉर्गेजच देत नाहीत, मग दुरुस्तीचं कुठलं!

कौलारू
आत्ताच बाहेर जाऊन भिंत ठोकून आलो. विटाच आहेत. शेजारी विचारत होता, किल्ली हरवली का. तर मॉर्गेज १ लाख ७६ हजारांचंच. घर नावावर झालं की खिडक्यांपुरतं ८ हजारांचं लोन, ५ वर्षं. ७ टक्क्यांनी हप्ता १५८, झेपेल. बॉयलर एक हिवाळा ओढतो.
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, मी थांबा म्हणाले ते खिडक्यांसाठी. स्वयंपाकघरासाठी कोण म्हणालं थांबा?

पै_पै
वहिनींचं ऐका, हे मी मागे घेतो.