येझदी रोडकिंग मोटरसायकल: कार्बचा (कार्ब्युरेटरचा) स्लाइड जाम, कव्हरचे स्क्रू गंजलेत, काय करू?

कोकणी_रोडकिंग:
नमस्कार मंडळी, बाबांची रोडकिंग गुहागरजवळच्या आमच्या घरी पडवीत कित्येक वर्षं उभी आहे, समुद्र जवळ, खाऱ्या हवेनं काय व्हायचं ते झालंय. किक बसते, इंजिन फिरतं, पण कार्बचा स्लाइड (हवा-पेट्रोल कमी-जास्त करणारा आतला सरकता भाग) गच्च बसलाय आणि इंजिन कव्हरचे दोन स्क्रू जागचे हलत नाहीत, एकाची खाच पण घसरलीय. इथला मेकॅनिक म्हणतो छिन्नी मारू, मी नको म्हटलं. लिंबूसत्वाच्या पाण्यात कार्ब बुडवून ठेवला तर सुटेल का? यूट्यूबवर सगळे तेच करतायत.

टूस्ट्रोक_तात्या:
छिन्नीला नाही म्हणालास ते बरं केलंस, येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ लाच बंद पडला, कव्हर फुटलं तर जुन्या बाजारात शोधत बसशील. आधी स्क्रूच्या डोक्याभोवतीची पांढरी भुकटी वायर ब्रशनं काढ. मग अ‍ॅसिटोन आणि एटीएफ (पॉवर स्टिअरिंगचं तांबडं ऑइल) अर्धं अर्धं, दोन्ही वेगळं होतं म्हणून दरवेळी हलवून घ्यायचं, थेंब थेंब सोड आणि रात्रभर राहू दे. रंगाला लागू देऊ नकोस, रंग उठतो. दुसऱ्या दिवशी नीट पुसून, वास जाईपर्यंत वाळवून, टाकी उतरवून लांब ठेवून मगच हीट गन. शेक स्क्रूला नाही, आजूबाजूच्या कव्हरला द्यायचा, अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं त्यामुळे पकड सुटते. शेवटी इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीचा ठोका दिला की फिरणारा स्क्रूड्रायव्हर), बिट खाचेत नेमकं बसणारं हवं, आणि आधी किंचित आवळायच्या दिशेनं एक ठोका, मग उलटा.

गंजबहाद्दर:
लिंबूसत्व फक्त लोखंडाला!! नटबोल्ट, स्टँडची स्प्रिंग वगैरे खुशाल बुडवा, नंतर सोड्याच्या पाण्यात धुवा आणि लगेच तेल लावा नाहीतर तासाभरात परत तांबूस होतं. कार्बची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, आम्ल ती खातं, आणि एकदा स्लाइडची भिंत खडबडीत झाली की ती कायमची. कॉस्टिक सोडा तर अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास पण नको.
बाय द वे, स्लाइडभोवती पांढरं दिसतंय की तपकिरी चिकट?

कोकणी_रोडकिंग:
तपकिरी, डिंकासारखं. पांढरं अगदी कडेला थोडंसं.

गंजबहाद्दर:
मग तो गंज नाहीच राव, पेट्रोल उडून गेलं आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जातं ते) वाळून बसलंय. वरचं झाकण, केबल, फ्लोट, रबरी वॉशर सगळं काढ, बॉडी उकळत्या गरम पाण्यात भांड्याचा साबण घालून ठेव, बाहेर काढली की कार्ब क्लीनर मार आणि खालून लाकडाच्या काडीनं हळू ठोक. पक्कड लावू नकोस. जेट (पेट्रोल जायच्या बारीक भोकाचे तुकडे) पितळेचे असतात, त्यात सुई किंवा तार घालायची नाही, भोक मोठं झालं की मिक्स्चर बिघडतं, ब्रशचा नायलॉनचा केस पुरतो.

टूस्ट्रोक_तात्या:
आणि परत बसवताना स्क्रूला कॉपर ग्रीस लाव, तुमच्या तिकडच्या हवेत तर नक्कीच. घसरलेल्या खाचेचा स्क्रू तरी नाही हलला तर लेथवाल्याकडे ने, तो डोकं ड्रिल करून देईल.